वाटप, वाटणी आणि चेस्टरटनचा अर्थविचार

'डिस्ट्रिब्युटिझम' या संज्ञेला मराठीत 'वितरणवाद' हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि गैरसमजाला तेथूनच प्रारंभ होतो. वितरण म्हटले की आपल्यापुढे रेशनचे दुकान उभे राहते : माल कोठेतरी आधीच तयार झालेला आहे, तो रांगेतल्या माणसांना आता मोजून द्यावयाचा आहे. हिलेअर बेलॉक आणि गिल्बर्ट कीथ चेस्टरटन यांना हे अभिप्रेत नव्हते. जमीन, कार्यशाळा, अवजारे यांची मालकीच त्यांना अनेकांमध्ये विभागलेली हवी होती. मराठीतील 'वाटप' आणि 'वाटणी' यांमधला भेद येथे उपयोगी पडावा. वाटपाला देणारा लागतो. वाटणीला हिस्सेदार लागतात, आणि हिस्सेदाराचा हक्क कोणाच्या औदार्यावर अवलंबून नसतो. (गांधींच्या विश्वस्तकल्पनेशी या विचाराचे नाते जोडण्याचा मोह होतो, परंतु तेथे धनिक विश्वस्त झाला तरी कायद्याने धनी तोच राहतो, हे विसरता येत नाही.)

प्रस्थापित अर्थशास्त्रात 'वितरण' हा शब्द पहिल्या अर्थानेच रूढ झाला आहे. जे. बी. क्लार्क यांच्या 'द डिस्ट्रिब्युशन ऑफ वेल्थ' (१८९९) या ग्रंथात प्रत्येक उत्पादन-घटकाला त्याच्या सीमान्त उत्पादकतेनुसार मोबदला मिळतो. भांडवलाला त्याचा वाटा मिळतो. मात्र ते भांडवल मुळात अमक्याच्याच हाती का, हा प्रश्न सिद्धान्ताच्या उंबरठ्याबाहेर राहतो. बेलॉकच्या 'द सर्व्हाइल स्टेट' (१९१२) या ग्रंथाचा प्रारंभ नेमका या उंबरठ्यापासून होतो. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील मठांच्या जमिनी मूठभर घराण्यांकडे गेल्या. वाफेचे यंत्र आले तेव्हा मालकी आधीच एकवटलेली होती. सबब भांडवलशाही यंत्राने निर्माण केली नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा इतिहास एकांगी आहे, आणि मध्ययुगावरील त्याची माया लपत नाही. तरीही आरंभीची मालकी हे गृहीत नसून ती एक घटना आहे, हे तो दाखवून देतो. पुढची पायरी म्हणजे मालमत्ताहीनांना कायद्याने सुरक्षितता देऊन त्या बदल्यात श्रमाची सक्ती करणारे दास्यराज्य. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात मालक आणि नोकर या दोन कायदेशीर जाती पाडल्या जाताना त्याला त्याची चाहूल लागली. बेलॉकचे गद्य भूमितीच्या पुस्तकासारखे आहे : व्याख्या, प्रमेय, निष्कर्ष.

चेस्टरटनची रीत वेगळी आहे, आणि समीक्षकाने थांबावे असे स्थळ त्याच्याच लेखनात सापडते. 'व्हॉट्स राँग विथ द वर्ल्ड' (१९१०) या पुस्तकाच्या अखेरीस तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे वळतो. गरीब वस्तीतील मुलींच्या डोक्यात उवा होतात म्हणून त्यांचे केस कापावेत, असा वैद्यकीय आदेश निघालेला असतो. श्रीमंताच्या मुलीबाबत असा आदेश निघत नाही. चेस्टरटन त्या केसांपासून युक्तिवाद सुरू करतो. केस राहिले पाहिजेत, तर ते स्वच्छ हवेत. त्यासाठी घर स्वच्छ हवे. त्यासाठी आईला मोकळा वेळ हवा. त्यासाठी पिळणारा घरमालक नको. त्यासाठी मालमत्तेची फेरवाटणी हवी. आणि त्यासाठी क्रांती. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ही साखळी सदोष आहे. तिची प्रत्येक कडी 'हवे' या क्रियापदाने जोडलेली आहे, कार्यकारणाने नव्हे. वाचताना मात्र एकातून दुसरे अपरिहार्यपणे निष्पन्न होत असल्याचा भास होतो. परंतु तिला निव्वळ शब्दालंकार म्हणून बाजूला सारणाऱ्या वाचकाच्या हातून मुख्य मुद्दाच निसटेल. रूढ अर्थविवेचनात या मुलीचे केस आलेच तर 'कल्याण' या सदराखाली, सर्वांत शेवटी येतील. चेस्टरटन त्यांना मोजपट्टी करतो आणि अर्थव्यवस्था तिच्यापुढे मोजायला उभी करतो. क्रमाची ही उलटापालट हाच त्याचा युक्तिवाद आहे. तिचे सरळ गद्यात रूपांतर केले की तो नाहीसा होतो.

याच रूपबंधात एक मौनही आहे. साखळीत आईला मोकळा वेळ मिळतो. मालकी मिळत नाही. स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणारी प्रकरणे याच पुस्तकात आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. विभागलेल्या मालकीचे एकक या दोघांच्याही लेखी कुटुंब आहे, आणि कुटुंबाच्या आत हिस्सेदार कोण, हा प्रश्न त्यांच्या उंबरठ्याबाहेर राहतो. क्लार्कच्या उंबरठ्याबाहेर मालकीचा प्रश्न राहिला होता, तसाच. 'वाटणी' हा आपला शब्दही येथे निर्दोष नाही. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हिस्सा मिळण्यासाठी महाराष्ट्रात १९९४ ची आणि देशभर २००५ ची कायदेदुरुस्ती व्हावी लागली.

लहान मालमत्ता म्हणजे स्वातंत्र्य, हे या विचाराचे दुसरे गृहीत. त्याची कसोटी पाहावयाची तर इंग्लंडबाहेरचे, आपल्या परिचयाचे एक उदाहरण घ्यावे लागेल. महार वतनाची जमीन ही लहान मालमत्ताच होती, तीही वंशपरंपरागत. परंतु तिच्यापायी वतनदाराला गावकीची आणि सरकारची कामे रात्री-अपरात्री करणे कायद्याने बंधनकारक होते. कायद्याच्या सक्तीने इतरांसाठी श्रम करावे लागणे ही बेलॉकने केलेली दास्याची व्याख्या येथे अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच, की हे दास्य मालमत्तेच्या अभावातून आलेले नाही, ते मालमत्तेतच गुंफलेले आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदाराला जमिनीचा पूर्ण सारा भरून सेवेतून मोकळे होता यावे, अशी तरतूद त्यात होती. जमीन तीच, क्षेत्र तेवढेच, कसणाराही तोच. बदलावयाचे होते ते केवळ तिच्यावरील मालकीचे स्वरूप.