शेवटची कात्री कोणाच्या हातीं?

अनुबोधपटांविषयीं जगभर जी चर्चा अलीकडे चालते, तींत दोन शब्द वारंवार कानीं पडतात. एक ‘स्वतंत्र’ आणि दुसरा ‘सर्वसमावेशक’. पहिल्याचा अर्थ बहुतेकांस ठाऊक असतो. कंपनीच्या किंवा सरकारी खात्याच्या हुकमावर न चालतां स्वतःच्या बुद्धीनें, आणि पुष्कळदां स्वतःच्या कर्जानें, काढलेला तो स्वतंत्र अनुबोधपट. दुसऱ्याचा अर्थ मात्र तो शब्द वापरणारांच्या मनांतहि पुरता ठरलेला दिसत नाहीं. पडद्यावर गरीब दिसले, स्त्रिया दिसल्या, दलित आणि आदिवासी दिसले म्हणजे समावेश झाला, असें समजण्याचा प्रघात पडत चालला आहे. आम्हांस हा समज उथळ वाटतो. पडद्यावर कोण दिसतें यापेक्षां, जें दिसतें त्याची निवड कोणी केली, आणि ज्याचें चित्र घेतलें त्याला तें इतरांच्या आधीं पाहावयास मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या मतें अधिक मोलाचा आहे.

प्रश्न नवा नाहीं. अनुबोधपटाच्या जन्माबरोबरच तो जन्मला. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ सालचा चित्रपट या कलेचा आद्य ग्रंथच मानला जातो. त्याचा खर्च फरचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीनें केला होता. ज्याला जग नानूक म्हणून ओळखतें त्या शिकाऱ्याचें खरें नांव अल्लाकारिअल्लाक. पडद्यावरील त्याच्या बायका प्रत्यक्षांत त्याच्या बायका नव्हत्या. त्या प्रदेशांत बंदुका येऊन बरेच दिवस झाले असतांहि वालरसाची शिकार जुन्या भाल्यानेंच करून दाखविली गेली, आणि आंत उजेड यावा म्हणून बर्फाचें घर अर्धेंच बांधण्यात आलें. हें सर्व सांगून फ्लॅहर्टींना खोटें ठरविण्याची टीकाकारांत मोठी हौस आहे. पण एक गोष्ट तितक्या आवडीनें सांगितली जात नाहीं. त्यांनीं चित्रफीत तेथेंच धुऊन त्या लोकांस दाखविली, आणि तीं चित्रें पाहून त्या मंडळींचा उत्साह वाढला. म्हणजे पाहण्याचा हक्क त्यांस अंशतः मिळाला होता. मिळाला नाहीं तो नाकारण्याचा. ग्रामोफोनची तबकडी दांतांनीं चावून पाहणारा भोळा माणूस म्हणून आपण जगापुढें जावें कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार अल्लाकारिअल्लाकला नव्हता.

चाळीस वर्षांनंतर पॅरिसमध्यें झाँ रूश यांनीं समाजशास्त्रज्ञ एद्गार मोराँ यांच्या साह्यानें ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’ हा चित्रपट केला (१९६१). त्याच्या अखेरीस चित्रांतील मंडळींस तेंच चित्र दाखविलें जातें आणि त्यांच्यांत वाद होतो. कोणास तें फार उघडें वाटतें, कोणास पुरेसें खरें वाटत नाहीं. हा वाद रूश यांनीं चित्रांत ठेवला, ही त्यांची मोठी थोरवी होय. परंतु आफ्रिकेंत त्यांनीं जे चित्रपट केले त्यांविषयीं सेनेगलचे थोर चित्रपटकार उस्मान सेंबेन यांनीं १९६५ सालच्या एका संवादांत त्यांस तोंडावर सुनावलें कीं, तुम्ही आमच्याकडे कीटकांकडे पाहावें तसें पाहतां. आरोप कठोर होता. सर्वस्वीं न्याय्य होता असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याचें एक उत्तर मात्र कांहीं वर्षांतच पुढें आलें. रूश यांच्या चित्रांत भूमिका केलेल्या साफी फाये या सेनेगलच्या विदुषीनें स्वतः कॅमेरा हातीं घेतला आणि आपल्याच भागांतील शेतकऱ्यांवर ‘काद्दू बेकात’ हा चित्रपट काढला (१९७५). नांवाचा अर्थच शेतकऱ्याचा आवाज असा होतो.

तथापि आपल्याच माणसाच्या हातीं कॅमेरा आला म्हणजे सर्व सुटलें, असें मानण्याची घाई करूं नये. गांवांतील शिकलेली व्यक्तीहि गांवकऱ्याचें चित्र त्यास न विचारतां काढूं शकते. या दृष्टीनें आम्हांस सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो तो कॅनडांतील फोगो बेटावरचा प्रयोग. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचें हें कोळ्यांचें बेट. वस्ती सुमारें पांच हजार. मासेमारी बसली होती आणि बेट सोडून अन्यत्र वसावें असा सरकारी दबाव लोकांवर होता. १९६७ सालीं कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचे कॉलिन लो तेथें गेले. मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचें त्यांस साह्य होतें. त्यांनीं एक मोठा चित्रपट न करतां वीसपंचविसांहून अधिक छोटे चित्रपट केले.

यांतली खुबी संकलनांत आहे, आणि ती थोडी उलगडून सांगितली पाहिजे. नेहमींच्या अनुबोधपटांत एका माणसाचें वाक्य घेतात, त्याला लागून दुसऱ्याचें विरुद्ध वाक्य जोडतात, आणि तिसऱ्याच्या हसण्यानें निकाल देऊन टाकतात. बोलणारांपैकीं कोणाचीहि तशी इच्छा नसतांना पडद्यावर भांडण उभें राहतें, आणि पंच होतो कात्री चालविणारा. लो यांनीं हें टाळलें. एक माणूस, एक प्रसंग किंवा एक विषय घेऊन त्याचा स्वतंत्र चित्रपट करावयाचा, एकाचें बोलणें दुसऱ्याच्या तोंडावर फेकावयाचें नाहीं, आणि बोलणाराची संमति असल्याखेरीज तें बाहेर दाखवावयाचें नाहीं, हा त्यांचा परिपाठ. मग हीं चित्रें बेटावरील निरनिराळ्या खेड्यांतून दाखविलीं गेलीं. समोरासमोर बसून जें ऐकून घेणें लोकांस जड गेलें असतें, तें त्यांनीं पडद्यावर शांतपणें ऐकलें. पुढें तींच चित्रें सरकारांतील मंडळींपर्यंत पोंचलीं. बेटावर सहकारी संस्थेनें मूळ धरलें आणि बेट ओस पडलें नाहीं. हें सारें चित्रपटांनींच घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. लोकांचा निर्धार आधींचाच होता. पण निर्धार केलेल्या लोकांस एकमेकांचा आवाज ऐकूं येणें हीहि लहान गोष्ट नव्हे. कलाकृति म्हणून यांतील कांहीं चित्रें अगदीं साधीं, किंबहुना रटाळ आहेत, हेंहि प्रांजळपणें नमूद करतों. आणि हा प्रयोग सरकारी पैशानेंच झाला, हें ‘स्वतंत्र’ या शब्दाच्या भक्तांनीं लक्षांत ठेवावें.

आपल्याकडेहि असा एक प्रयत्न झाला, आणि त्यांतल्या दोन चित्रपटांचा मराठी वाचकांशीं जवळचा संबंध आहे. १९८० सालीं बंगलोरांत दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव व नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनीं ‘युगांतर’ नांवाचा गट स्थापन केला. त्यांचा पहिला चित्रपट ‘मोलकरीण’ पुण्यांतील घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संपाविषयीं व संघटनेविषयीं आहे. दुसरा, ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ (१९८२), निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांविषयीं. गटांतील मंडळी सुमारें चार महिने त्या स्त्रियांच्या सहवासांत राहिलीं, त्यांच्या बैठकींत बसलीं, आणि काय दाखवावें याचा खल त्यांच्याशींच केला. कांहीं प्रसंग त्या स्त्रियांनीं पुन्हां करून दाखविले आहेत. नानूकच्या चित्रांतहि पुन्हां करून दाखविलेलेच प्रसंग होते. मग भेद काय? भेद इतकाच, पण तो फार मोठा, कीं येथें काय करून दाखवावयाचें हें करणारणींनीं ठरविलें आणि तें कशासाठीं हें त्यांस ठाऊक होतें. पुनरभिनय म्हणजे असत्य, असें जे सरसकट म्हणतात त्यांनीं हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावे.

‘मोलकरीण’ पाहतांना आमच्यासारख्या पांढरपेशा प्रेक्षकाची जी स्थिति होते ती सुखाची नाहीं. त्या चित्रांतील घरें आमचींच, भांड्यांचा ढीग आमचाच, पगारांतून कापलेल्या खाड्यांचा हिशेबहि आमचाच. आपली बाजू आली नाहीं अशी तक्रार मनांत उठते. येथेंच आमच्या कसोटीस एक मर्यादा घालावी लागते. आधीं पाहण्याचा आणि हरकत घेण्याचा हक्क ज्याला बोलावयास दुसरें व्यासपीठ नाहीं त्याचा. घरमालक, वखारवाला किंवा मंत्री यांस तीं व्यासपीठें पुष्कळ असतात. त्यांची संमति घेऊन केलेला अनुबोधपट सरकारी अहवालाहून निराळा व्हायचा नाहीं. आनंद पटवर्धन यांनीं १९९७ च्या रमाबाई नगरांतील गोळीबारानंतर चौदा वर्षें खपून ‘जय भीम कॉम्रेड’ केला, तो कोणा मंत्र्यास विचारून नव्हे. पण ज्यांच्या वस्त्यांतून तो उभा राहिला त्या वस्त्यांत त्यांनीं तो नेऊन दाखविला.

ज्याला आवाज आहे आणि ज्याला नाहीं अशी दुफळी मात्र नेहमीं इतकी सरळ नसते. ‘रायटिंग विथ फायर’ हा रिंटू थॉमस व सुश्मित घोष यांचा चित्रपट २०२१ सालीं सनडान्स महोत्सवांत गाजला आणि पुढें ऑस्करच्या अंतिम यादींत गेला. विषय उत्तर प्रदेशांतील ‘खबर लहरिया’ हें पत्र. तें चालविणाऱ्या स्त्रियांत दलित स्त्रियांचा पुढाकार. चित्र देखणें आहे आणि त्या बातमीदारणींचें धैर्य त्यांत उत्तम उतरलें आहे. परंतु १९२२ सालच्या नानूकला जें करतां आलें नाहीं तें या स्त्रियांनीं केलें. ऑस्कर समारंभाच्या तोंडावर, मार्च २०२२ मध्यें, त्यांनीं जाहीर पत्रक काढलें. एकाच राजकीय पक्षावर आमचें सारें लक्ष असल्यासारखें चित्र उभें केलें आहे, आमचें वीस वर्षांचें काम त्यांत झांकलें गेलें, असा त्याचा मथितार्थ. आपल्याला हवी ती कथा सांगण्याची मुभा स्वतंत्र चित्रपटकारास असते, हेंहि त्यांनीं त्यांत मान्य केलें.

आम्हांस या वादांत दोन्ही बाजू मोलाच्या वाटतात, पण समान नव्हेत. विरोध आला म्हणून चित्रकारानें चित्र बदललेंच पाहिजे असें नाहीं. नाहींतर प्रत्येक अनुबोधपट हा गौरवग्रंथ होईल. मात्र रूश यांनीं पॅरिसमधील आपल्या मित्रांचा वाद जसा चित्रांतच ठेवला, तसा ‘खबर लहरिया’चा आक्षेप त्या चित्राच्या अंगांत मावला असता तर चित्र खुजें झालें नसतें. या स्त्रिया स्वतः रोज हातांत फोन घेऊन दुसऱ्यांच्या दारीं जातात, पीडितेची, पोलिसाची, खाणमालकाची छबी घेतात आणि संध्याकाळपर्यंत ती हजारोंना दाखवितात. कोणाला आधीं दाखवावयाचें आणि कोणाला नाहीं, हा निर्णय त्यांनाहि रोज करावा लागतो.