शेजारच्या देशात दारू स्वस्त झाली, आता मोजायचं काय?

प्रपोजल लिहायला बसण्याआधी पिया मेकेला आणि सहकाऱ्यांचा २००८ चा पेपर वाचाच. 'अ‍ॅडिक्शन' या जर्नलमध्ये आला होता.

पार्श्वभूमी अशी. मे २००४ मध्ये एस्टोनिया युरोपियन युनियनमध्ये येणार होता. हेलसिंकीहून बोटीने दोन-तीन तासांवर स्वस्त दारू, आणि युनियनमधल्या देशांतून प्रवाशांनी किती आणायची यावरची मर्यादाही उठलेली. लोक तिकडून खोके भरून आणतील या धास्तीने फिनलंडने मार्चमध्येच दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांश कमी केला. डेन्मार्कने त्याआधीच, ऑक्टोबर २००३ मध्ये, कडक दारूवरचा कर ४५ टक्के उतरवला होता.

पेपरचं डिझाइन मला आवडतं. फिनलंड, डेन्मार्क, दक्षिण स्वीडन इथे बदलाआधी आणि नंतर सर्वेक्षण, आणि कंट्रोल म्हणून सीमेपासून लांबचा उत्तर स्वीडन. निष्कर्ष: पिणं वाढलेलं दिसत नाही.

आता हेर्ट्टुआ, मेकेला आणि मार्टिकाइनेन यांचा फिनलंडच्या मृत्यूनोंदींवरचा अभ्यास उघडा. करकपातीनंतर दारूशी संबंधित मृत्यू पुरुषांत १६ टक्के, स्त्रियांत ३१ टक्के वाढले. हो, मेकेला दोन्हीकडे आहेत!

मग खोटं कोण? कुणीच नाही. जो सकाळपासून पितो तो प्रश्नावली भरून पाठवत नाही. दुसऱ्या फेरीत तर नाहीच. मृत्यूच्या नोंदीतून मात्र तो सुटत नाही. म्हणून 'फरक आढळला नाही' वाचलं की आधी विचारा, नमुन्यातून गळलं कोण? हे न विचारता एखाद्या अर्थमंत्र्याने पहिलाच पेपर हातात घेतला तर करकपात निरुपद्रवी ठरते.

माझी दुसरी तक्रार जास्त मूलभूत आहे. (माझं पहिलं प्रपोजल गाइडनी समासात 'शेजारी कुठाय?' एवढंच लिहून परत केलं होतं, त्यामुळे थोडा हळवा आहे.) आपण कर हे एका देशाचं स्वतंत्र व्हेरिएबल धरतो. पण एस्टोनियाने २०१७ मध्ये बिअरवरचा कर ७० टक्के वाढवला, तर लोक गाड्या घेऊन लाटव्हियात खरेदीला जाऊ लागले. २०१९ च्या जुलैत एस्टोनियाने २५ टक्के कपात केली, लगेच ऑगस्टमध्ये लाटव्हियाने कडक दारूवर १५ टक्के. इथे ट्रीटमेंट कुठली आणि प्रतिसाद कुठला?

दोघांनी मिळून कर वाढवला असता तर काय झालं असतं, हे या आकड्यांत नाहीच. युनियनचे किमान कर १९९२ चे आहेत. वाइनसाठी किमान शून्य, आणि ते बदलायला सगळ्या देशांचं एकमत लागतं.