'हळूहळू कमी करतोय' : एका सल्ल्याची तपासणी

'एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा.' सिगारेट सोडू पाहणाऱ्याला घरातून, मित्रांकडून आणि शिक्षकांच्या खोलीतही मिळणारा हा सल्ला बहुतेकांना पटतो. जिना एकेका पायरीनेच उतरावा, असे आपले व्यवहारज्ञान सांगते. परंतु पटणे वेगळे आणि तपासणीला उतरणे वेगळे. या सल्ल्याची तपासणी झाली आहे काय, आणि तिच्यातून नेमके काय सिद्ध होते, ते पाहू.

निकोला लिंडसन-हॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेला एक प्रयोग २०१६ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडण्याची इच्छा असलेल्या ६९७ जणांचे त्यांनी दोन गट केले. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरले. दोन्ही गटांना दोन आठवड्यांनंतरचा एक दिवस नेमून दिला. पहिल्या गटाने त्या दिवसापर्यंत नेहमीइतक्या सिगारेटी ओढायच्या आणि त्या दिवशी एकदम थांबायचे. दुसऱ्या गटाने पहिल्या आठवड्यात निम्म्यावर, दुसऱ्या आठवड्यात पाव हिश्श्यावर यायचे आणि मग थांबायचे. समुपदेशन आणि त्वचेवर चिकटवायच्या निकोटिनच्या पट्ट्या दोन्ही गटांना मिळाल्या.

चार आठवड्यांनी एकदम थांबणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर हळूहळू थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्के सिगारेटपासून दूर होते. सहा महिन्यांनी हे आकडे ३५५ पैकी ७८, म्हणजे २२ टक्के, आणि ३४२ पैकी ५३, म्हणजे १५.५ टक्के असे झाले. केवळ सांगण्यावर न विसंबता श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजून खात्री केली होती, हे या प्रयोगाचे बलस्थान होय.

मग 'एकदम सोडणेच उत्तम' असे म्हणावे काय? आमच्या मते एवढी घाई नको. या प्रयोगात कमी करण्याचा काळ अवघा दोन आठवड्यांचा होता. शिवाय २०१९ साली कॉक्रेन संस्थेने अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दोन पद्धतींच्या यशात स्पष्ट फरक दिसला नाही. हे सर्व प्रयोग सिगारेटबद्दलचे आहेत. मिश्री किंवा तंबाखूच्या विड्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

पण २०१६ च्या प्रयोगातला एक आकडा फारसा कोणी सांगत नाही. नेमलेल्या सुमारास सोडण्याचा प्रयत्न तरी किती जणांनी केला? एकदम थांबणाऱ्या गटात ७१ टक्के. हळूहळूच्या गटात ६१ टक्के. म्हणजे दुसऱ्या गटातील अधिक माणसे वाटेतच गळाली. तारीख ठरलेली, पट्ट्या हाताशी, विचारपूस करणारे कोणी सोबत, असे असूनही हे घडले. आपल्या ओळखीचा जो मनुष्य 'हळूहळू कमी करतोय' म्हणतो, त्याच्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्याचा जिना कोठे संपतो, हे त्यालाही ठाऊक नसते. असा मनुष्य या प्रयोगाच्या कोणत्याच गटात बसत नाही.

'सोडली नाही, पण कमी तर झाली' हे समाधानही तपासून घ्यावे लागेल. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि सवयीचा मेंदू ते भरून काढू पाहतो. नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली दाखवले, की दिवसाच्या सरासरी ३७ सिगारेटी ५ वर आणल्या तेव्हा प्रत्येक सिगारेटमधून शरीरात जाणारे निकोटिन सुमारे तिप्पट झाले. सिगारेटी सातव्या हिश्श्याहून कमी उरल्या, पण डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र निम्मेच घटले. माणूस नकळत झुरके खोल घेतो, अधिक घेतो. २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका हा रोज वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. विसावा हिस्सा नव्हे. आपण सिगारेटी मोजतो, शरीर धूर मोजते.

तेव्हा 'एकदम की हळूहळू' हा वाद आम्हांला दुय्यम वाटतो. ज्याला हळूहळूच जमणार असेल त्याने तसे करावे. मात्र शेवटची तारीख आधी लिहून ठेवावी, ती दुसऱ्या कोणाला सांगावी आणि डॉक्टरांची मदत घ्यावी. प्रयोगातील चांगल्या गटातही सहा महिन्यांनी दर पाचांपैकी जवळजवळ चार जण अपयशी ठरले होते. त्यामुळे पहिला प्रयत्न फसलेल्या सहकाऱ्याला निर्धार नसलेला ठरवू नये. नवी तारीख ठरवायला मदत करावी.

विद्यार्थ्यांपुढे वरील आकडे मांडून एक प्रश्न विचारता येईल : ज्यांनी तारीखच ठरवली नाही, असा तिसरा गट या प्रयोगात असता, तर तो कसा निवडला असता आणि त्याचे यश कधी मोजले असते? दुसऱ्या भागाचे उत्तर शोधताना मुले अडखळतील, आणि तारखेचे महत्त्व त्यांना तेथेच कळेल.