मैदान, मैफल आणि चित्रकाराचा कागद

फुटबॉल आणि संगीत यांना एकाच चौकटीत बसविण्याचा जो उद्योग गेल्या काही वर्षांत देशोदेशींच्या उपयोजित चित्रकारांनी आरंभिला आहे, तो वरवर पाहता निव्वळ हौसेचा किंवा बाजारी चातुर्याचा वाटण्याचा संभव असला, तरी त्याच्या बुडाशी चित्रकलेचा एक जुना आणि अद्यापि न सुटलेला प्रश्न आहे. सामना असो वा मैफल असो, दोहोंचे अस्तित्व कालप्रवाहातच असते. नव्वद मिनिटे सरली, शेवटची सम गाठून तबला थांबला, की जे घडले ते स्मृतीच्या दफ्तरी जमा होते. चित्राचे तसे नाही. ते एकाच क्षणी संपूर्णपणे डोळ्यांपुढे उभे असते. तेव्हा जे वाहते ते स्थिर कागदावर कसे उतरवावे, हाच या कलेचा खरा विषय होय. बोधचिन्हे, गणवेश आणि भित्तिपत्रके ही त्याची निमित्ते.

या प्रश्नाला ज्याने सर्वांत धिटाईने हात घातला, तो उपयोजित चित्रकार नव्हता. निकोला द स्ताल हा रशियात जन्मलेला फ्रेंच चित्रकार 26 मार्च 1952 च्या रात्री पॅरिसच्या पार्क दे प्रँस क्रीडांगणावर विजेच्या झोतात झालेला फ्रान्स आणि स्वीडन यांचा सामना पाहून आला आणि त्या एका सामन्यातून त्याने फुटबॉलपटूंची चित्रमालिकाच निर्माण केली. साडेतीन मीटर रुंदीच्या तिच्या मुख्य चित्रात ओळखू येईल असा चेहरा नाही की निशाण नाही. आहेत ते रंगांचे जाड, एकमेकांवर आदळणारे ठोकळे. पुढे मार्च 1955 मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, पॅरिसमधल्या मैफली ऐकून त्याने सहा मीटर रुंदीचे ‘ल कॉन्सेर’ हे चित्र आरंभिले, जे अपुरेच राहिले: एका बाजूस काळा पियानो, दुसऱ्या बाजूस पिवळसर डबल-बास आणि त्यांच्यामध्ये पसरलेला रक्तवर्ण अवकाश. ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता ध्यानात येते, की खेळ आणि संगीत यांना जोडणारे सूत्र त्याला वस्तूंत सापडले नसून अंतरांत सापडले. दोन आकारांमधली मोकळी जागा हीच त्याची लय.

या कसोटीवर आजची निर्मिती घासून पाहू. मँचेस्टर येथे 2018 साली मार्क लिपट्रॉट आणि निक फ्रेझर यांनी सुरू केलेल्या ‘बँड्स एफ.सी.’ या उपक्रमात वाद्यवृंदांना फुटबॉल संघांची बोधचिन्हे बहाल केली जातात. यातला विनोद निखालस अस्सल आहे; ज्या शहरात कारखान्यांच्या वस्तीतून संघही निघाले आणि वाद्यवृंदही, तेथे ही अदलाबदल कृत्रिम ठरत नाही. परंतु हे सौंदर्य ओळखीचे आहे. ज्याला दोन्ही बाजू ठाऊक तो हसतो, आणि एकदा हसल्यावर त्या चित्राकडे पुन्हा वळण्याचे कारण उरत नाही.

बार्सिलोना संघाची कथा निराळी आहे. स्पॉटिफाय या संगीत कंपनीशी झालेल्या करारान्वये ऑक्टोबर 2023 मध्ये रिअल माद्रिदविरुद्धच्या सामन्यात खेळाडूंच्या छातीवर रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे जिभेचे बोधचिन्ह झळकले. जॉन पॅश याने विद्यार्थिदशेत, 1970 च्या सुमारास, रेखाटलेले ते चिन्ह उपयोजित कलेतील एक मोठे यश होय, यात वाद नाही. पण गणवेशावर ते आले ते भाडेकरू म्हणून, आणि सामना संपताच त्याने बिऱ्हाड उचलले. गणवेशाच्या रेषांशी, रंगांशी, धावणाऱ्या देहाशी त्याचा काही तहनामा झालेला नव्हता.

याच्या उलट उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या आयॅक्स संघाचे. 2008 साली कार्डिफ येथील एका मैत्रीपूर्ण सामन्यात बॉब मार्लीचे ‘थ्री लिटल बर्ड्स’ हे गीत ध्वनिक्षेपकावर लागले, प्रेक्षकांनी ते उचलले आणि पुढे ते संघाचे जणू कुलगीत झाले. 2021 साली त्यावरून जो काळा गणवेश निघाला, त्यात लाल, पिवळा, हिरवा या रंगांच्या रेघा होत्या, आणि मानेमागे ॲम्स्टरडॅमच्या नगरचिन्हातील तीन फुल्यांवर तीन चिमुकले पक्षी बसविले होते. युरोपीय फुटबॉल महासंघाने आपल्या नियमांवर बोट ठेवून त्या पक्ष्यांना युरोपीय सामन्यांत मज्जाव केला. येथे चित्रकाराने काहीही उसने आणलेले नव्हते. तेरा वर्षे प्रेक्षकांच्या कंठात असलेले गाणे त्याने फक्त वस्त्रावर नोंदविले. नोंद खरी होती म्हणूनच ती टिकली.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. हिंडलगा या गावाहून पाहता सामग्रीची वानवा कोठेच दिसत नाही. लगतच्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, त्याचे बँडपथक आणि लष्करी छावणीच्या छायेत रुजलेला फुटबॉल. निपाणीवरून उत्तरेस गेले की कोल्हापूर, जेथे कुस्तीसाठी निघालेल्या तालमींच्याच नावांनी शाहू स्टेडियमवर संघ उतरतात आणि विजयाच्या मिरवणुकीत हलगी कडाडते. आणि घाटाखाली गोवा, ज्याने फुटबॉलला राज्यखेळाचा आणि घुमटाला वारसावाद्याचा मान दिला आहे. इतकेच नव्हे, तर चित्रकारांची परंपराही येथलीच: कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर आणि जी. कांबळे यांनी सिनेमाच्या जाहिरातीला कलेची प्रतिष्ठा दिली, आणि बेळगावात जन्मलेले रवी परांजपे के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकून बोधचित्रकलेत अग्रगण्य झाले.

इतके असूनही फुटबॉलच्या हंगामात पेठापेठांतून जे फलक लागतात, त्यांत या वारशाचा मागमूस आढळत नाही. फ्लेक्सच्या छपाईने रंगाऱ्याचा हात काढून घेतला, एवढ्यावर दोष ढकलून मोकळे होणे मात्र न्याय्य नाही; यंत्राने मुभाच दिली आहे, हुकूम दिलेला नाही. खरे कारण असे, की फलक हा चेहऱ्यांचा हजेरीपट होऊन बसला: वर नेते, खाली कार्यकर्ते, मध्ये परदेशी खेळाडूचे कापून आणलेले छायाचित्र, आणि उरलेल्या फटीत तालमीचे नाव. जेथे रिकामी जागा नाही तेथे ताल नाही, कारण ठोक्यांमधील विरामावाचून ताल संभवत नाही.

वस्तुतः तालमीचे ते नावच चित्रकाराचे मुख्य भांडवल आहे. ‘बालगोपाल’ हे तालमीचे नाव देवनागरीत लिहून न्याहाळावे: आरंभीची आकृती अखेरीस जवळजवळ तशीच परतते, जणू मुखडा पुन्हा समेवर आला. ‘पाटाकडील’ या दुसऱ्या तालमीच्या नावात लागोपाठच्या कान्यांचे उभे ठोके पडतात, मग ‘ड’ची दीर्घ वेलांटी वळण घेते. शिरोरेषा तर सलग वाजणाऱ्या षड्जासारखीच असते. कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके रेखाटताना अक्षराला पात्राचा स्वभाव देता येतो हे दाखविले, आणि र. कृ. जोशी यांनी देवनागरीला संगणकावर आणतानाही सुलेखनाशी इमान राखले. या दोघांच्या कामात हलगीचा ठेका आणि मैदानावरील चढाई अक्षरांत पकडण्याची पुरेशी सामग्री आहे. तिचा उपयोग मात्र कोणी मागितलेला नाही.

म्हणून या कलेच्या स्थितीविषयी निवाडा द्यायचा तर असा द्यावा लागेल, की पाश्चात्त्य देशांत चित्रकार तयार आहेत, पण विषय बहुधा कराराने येतो. आपल्याकडे विषय रस्त्यावर वाजतो आहे, पण चित्रकाराला बोलावणे नाही. एखाद्या तालमीने एका हंगामापुरती चेहऱ्यांची वहिवाट मोडून, आपले नाव, आपला रंग आणि आपला ठेका एका जाणत्या अक्षरकाराच्या मुखत्यारीत सोपविला, तर त्याला परदेशी नमुन्यांची गरज पडणार नाही. खर्च फ्लेक्सहून अधिक येईल असेही नाही. सोडावा लागेल तो फक्त फलकावरील प्रत्येकाचा हक्क.