'आक्रोश' नेमका कुणाचा?

पिक्चर संपला तेव्हा आमच्या विहारात पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? लहान्या भिकू आभाळाकडं तोंड करून ओरडला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. गोराईच्या आमच्या वस्तीत अधूनमधून भिंतीवर चादर लावून आम्ही पिक्चर दाखवतो. या खेपेला गोविंद निहलानींचा 'आक्रोश' होता. 'बघायला याच, आपल्या माणसाचा पिक्चर आहे,' असं घरोघर मीच सांगत फिरलो होतो.

टाळ्या थांबल्या. मागं बायकांत बसलेली माझी धाकटी बहीण म्हणाली, 'दादा, त्या पोरीला कुणी विचारलं का?'

कुणीच काही बोललं नाही. मीपण नाही. आठ दिवस तो प्रश्न साच्यावर माझ्याबरोबर उभा होता. म्हणून हे लिहितोय. मी समीक्षक नाही. शाळा लवकर सुटली, वाचायला शिकलो ते विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर. पण फसवणूक झाली की कळायला डिग्री लागत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'आक्रोश' १९८० चा. लिहिला विजय तेंडुलकरांनी, वर्तमानपत्रात आलेल्या एका खऱ्या घटनेवरून. त्या वर्षीचा उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. १९८१ च्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर. बायकोच्या, नागीच्या, खुनाचा आळ त्याच्यावर. खरं तर नागीवर अत्याचार करून तिला मारलं ते गावातल्या बड्या लोकांनी. लहान्या कोर्टात बोलत नाही, वकिलाशी बोलत नाही. त्याचा वकील भास्कर कुलकर्णी, तरुण, सरळ, ब्राह्मण. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी. बाप मरतो म्हणून लहान्याला बेड्यांसकट सरणाजवळ आणतात. तिथं त्याच्या बहिणीवर वाईट नजर पडलेली त्याला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग ओरडतो.

चांगलं आहे ते चांगलं म्हणायला पाहिजे. डॉक्टर, पुढारी, पोलीस अधिकारी आणि जंगलचा ठेकेदार एका टेबलावर पत्ते कुटताना या पिक्चरनं दाखवले. अन्याय करणारे एकमेकांचे यार असतात हे भाषण न ठोकता दाखवलं. ओम पुरींच्या डोळ्यांना तोड नाही. नागी झालेल्या स्मिता पाटील थोडा वेळच दिसतात, पण विसरता येत नाहीत. त्या काळात हिरो विलायतेत गाणी म्हणत असताना हे करायला छाती लागते. मान्य.

पण लहान्या मुका का?

मी साचेखात्यात काम करतो. मुंबईच्या बहुतेक गिरण्या गेल्या. आमची शहराबाहेरची, छोटी. पण साच्यांचा आवाज तोच. शेजारच्यानं कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. बाहेरचा माणूस खात्यात आला तर त्याला वाटेल, इथं सगळे मुके आहेत. पण आम्ही पाळीभर बोलत असतो. हातानं, ओठानं, भुवईनं. जॉबर येतोय, धागा तुटला, पगार लांबला, सगळं बोलतो. बाहेरच्याला ऐकू येत नाही हा दोष आमच्या जिभेचा नाही.

तेंडुलकर आणि निहलानी खात्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, हा माणूस मुका आहे.

एखादा माणूस भीतीनं, धक्क्यानं मुका होतो. त्या खऱ्या घटनेतला झालाही असेल. त्याबद्दल तक्रार नाही. पण पिक्चर एवढ्यावर थांबत नाही. त्याचा मुकेपणा तो सगळ्या आदिवासींचा करून टाकतो. बाप गप्प, बहीण गप्प. बोलायचं ते वकिलानं, कार्यकर्त्यानं, संपादकानं. आपल्या लोकांना जीभच नव्हती असं समजून प्रेक्षक घरी जातो. मग त्याला स्वतःच्या कानाची चौकशी करावी लागत नाही.

खरं काय घडत होतं ते बघा. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा प्रकरण म्हणून देश ते ओळखतो. ती मुकी राहिली नाही. त्याच रात्री बाहेर येऊन तिनं सांगितलं. कोर्टात उभी राहिली. आपण ओरडलो होतो असं तिनं सांगितलं. नागपूरच्या उच्च न्यायालयानं पोलिसांना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं, आणि तिचं ओरडणं खोटं ठरवलं. नीट वाचा. ओरडणंच खोटं ठरवलं! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार जाणकारांनी सर्वोच्च न्यायालयाला उघड पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. एका आदिवासी मुलीच्या बोलण्यानं ही सुरुवात झाली.

याच मधल्या काळात 'आक्रोश' आला. खरा आक्रोश कोर्टाच्या कागदावर खोटा ठरला होता, आणि पडद्यावरच्या मुक्या माणसाला सुवर्णमयूर मिळत होता.

आमच्या गोराईच्या खाडीपलीकडे बोटीनं गेलं की वारल्यांचे पाडे आहेत. तिथून वर तलासरी-डहाणूपर्यंत वारलीच. १९४५ मध्ये त्याच वारल्यांनी वेठबिगार नाकारली. गोदावरी परुळेकर त्यांच्यात गेल्या, हे खरं. पण जमीनदाराच्या तोंडावर 'येणार नाही' हे वारल्यांनीच म्हटलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी पडले. मुक्या माणसांवर गोळ्या घालायची गरज पडत नाही.

तेंडुलकरांना हे कळत नव्हतं असंही नाही. त्यांच्याच 'कमला' नाटकात बाजारातून विकत आणलेली आदिवासी बाई पत्रकाराच्या बायकोला विचारते की तुला केवढ्याला घेतलं. एका प्रश्नात ते सगळं घर उघडं पडतं. मग लहान्याच्या बहिणीला असा एक प्रश्न का दिला नाही?

बक्षिसांचा कागद बघा. फिल्मफेअरनं उत्कृष्ट अभिनेता ठरवलं नसीरुद्दीन शहांना, म्हणजे वकिलाला. ओम पुरींना साहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस. बायको त्याची मेली, बाप त्याचा मेला, बहीण त्याच्या हातून गेली, बेड्या त्याच्या हातात, आणि तो साहाय्यक! बक्षीस देणाऱ्यांनी खोडी काढली नाही. त्यांनी पिक्चर बरोबर वाचला. गोष्ट भास्करच्या मनाची आहे. त्याला जाग यावी म्हणून एवढी माणसं मेली.

आणि दुसाने. मित्रांनो, आपण शिकणाऱ्या पोरांनी खरं तर त्याच्याकडं बघायला पाहिजे. जंगलातून वर आलेला, कोर्टाची भाषा आलेला, आणि पत्त्यांच्या टेबलावर बसणारा. फोनवर त्याला जातीवरून शिव्या येतात आणि तो गिळतो. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत बोलून दाखवली, ती हीच. लहान्याची आणि कोर्टाची, दोन्ही भाषा येणारा हा एकच माणूस पिक्चरमध्ये आहे. पण कॅमेरा त्याच्या पोटात शिरत नाही. शिरला असता तर आपल्याला पळायला जागा राहिली नसती.

आता बहिणीच्या प्रश्नाकडं येतो. त्याला मी सगळ्यात जास्त घाबरतो. ती पोरगी काही बोलत नाही. तिच्यावर नजर पडते आणि भाऊ ठरवतो की हिचं जगणं संपलं. कुऱ्हाड ठेकेदाराकडं जात नाही, पोलिसाकडं जात नाही, घरातल्याच पोरीकडं जाते. पिक्चर त्याला विद्रोह म्हणतो. आपण टाळ्या वाजवतो. इज्जतीसाठी घरातली बाई मारायची, हा विचार कुणाचा? तो मनूच्या घरचा आहे. लहान्या पिसाटला होता, त्याला मी दोष देत नाही. पण लिहिणारा पिसाटला नव्हता. आणि टाळ्या वाजवणारे आपण तर शुद्धीवर होतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला. नावात मूक होतं, पण पत्र काढलं ते बोलायला. मुकेपणाची पूजा आपल्या वारशात नाही.

मग कसा पिक्चर पाहिजे? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, १० माणसं मेली. त्यावर आनंद पटवर्धनांनी 'जय भीम कॉम्रेड' केला, २०११ मध्ये. त्यात आपली माणसं स्वतः बोलतात, गातात, भांडतात. बायका तर सगळ्यात जास्त बोलतात. तो बघताना मला कुणाची दया आली नाही. पुढच्या खेपेला आमच्या चादरीवर तो लावणार आहोत.

आणि पिक्चर संपल्यावर पहिल्यांदा मागं बसलेल्या बायकांनी बोलायचं, असं ठरलंय. ठरवलं कुणी? बहिणीनंच. मी फक्त चादर बांधणार.

जयभीम.