पाहून परतलेले आणि थांबून राहिलेले

येशूच्या वधस्तंभाभोवती लूकच्या शुभवर्तमानात बरीच माणसं आहेत. लोक उभे राहून पाहतात, अधिकारी टोमणे मारतात, शिपाई थट्टा करतात. घटना एकच, पाहणं प्रत्येकाचं वेगळं.

रोमी शताधिपतीचंच घ्या. मार्कमध्ये तो येशूला देवाचा पुत्र म्हणतो. लूकमध्ये फक्त नीतिमान. हे विधान लहान वाटतं. पण शिक्षा अमलात आणणारा माणूसच मेलेल्याला निर्दोष ठरवतो, म्हणून मला ते जास्त धाडसी वाटतं.

जमावासाठी लूक ‘थेओरिया’ हा ग्रीक शब्द वापरतो. म्हणजे देखावा, तमाशा. नव्या करारात तो दुसरीकडे कुठेच येत नाही. तमाशा बघायला आलेले हे लोक शेवटी ऊर बडवत परत जातात. त्यांचं दुःख खोटं नाही, पण त्यांची गोष्ट तिथंच संपते. एखादा व्हिडिओ बघून आपण हळहळतो आणि पुढच्यावर जातो, तसं.

गालीलहून आलेल्या स्त्रिया मात्र लांब उभ्या असतात. वधस्तंभापाशी लूक त्यांच्या तोंडी एक शब्दही घालत नाही. त्या कबर पाहून ठेवतात, सुगंधी द्रव्यं तयार करतात आणि शब्बाथ संपल्यावर पहाटे परत येतात. पुनरुत्थानाची पहिली बातमी त्याच आणतात, आणि प्रेषितांना ती बडबड वाटते.

गुड फ्रायडेच्या चिंतनात आपण अश्रूंना फार महत्त्व देतो. लूक महत्त्व देतो ते थांबून राहण्याला.