'श्वास'मधील दृश्यस्मृती : भावना आणि पाहणे

संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' (२००४) या चित्रपटाची चर्चा बहुतांशी आजोबा-नातवाच्या करुण नात्याच्या अंगाने झाली. ५१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाल्याने व ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरल्याने त्याचा गौरव अधिक झाला, चिकित्सा कमी. वस्तुतः माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाच्या गाभ्याशी एक मानसशास्त्रीय प्रश्न आहे : भावनेने व्याकूळ झालेला डोळा किती पाहतो आणि पाहिलेले किती धरून ठेवतो?

दृष्टिपटलाच्या कर्करोगामुळे कोकणातील परशुरामची दृष्टी कायमची जाणार आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयाबाहेर नेऊन जग दाखवतात. लांज्यासारख्या तालुक्यातून मोठ्या दुखण्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्या कुटुंबांना या प्रवासातील धास्ती समजावून सांगावी लागत नाही. आजोबांचा हेतू उघड आहे; शक्य तितकी दृश्ये नातवाच्या मनात साठवणे. परंतु अल्पकालीन दृश्यस्मृतीची कोठी लहान असते. लक आणि व्होगेल यांच्या १९९७ च्या प्रयोगांत साध्या आकृत्यांच्या बाबतीत ती सुमारे चार वस्तूंपुरती आढळली. शिवाय भावनिक उत्तेजना वाढली की अवधानाचा परीघ आकुंचन पावतो, हे ईस्टरब्रुक यांनी १९५९ मध्येच मांडले होते. भेदरलेल्या साक्षीदाराला शस्त्र आठवते, ते धरणाऱ्याचा चेहरा निसटतो, हा प्रकार याच जातीचा. अर्थात हे केवळ नुकसान नव्हे. परिघावरचे गळून पडले तरी केंद्रस्थानी असलेले भावनेच्या बळावर दीर्घकाळ टिकण्याची शक्यता वाढते.

या निकषावर पाहता शहरातील फेरफटक्याचा भाग काहीसा भाबडा वाटतो. दृश्यांची संख्या वाढली म्हणजे स्मृतीची श्रीमंती वाढली, असे तेथे गृहीत धरलेले दिसते. याउलट गावाकडची हिरवी दृश्ये अधिक खरी उतरतात. कारण ती घाईने गोळा केलेली नाहीत, वर्षानुवर्षे सवयीने मुरलेली आहेत. आणि अरुण नलावडे यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा स्थिरावतो, तेव्हा चित्रपट स्वतःच्याच गृहीतकाला छेद देतो. त्या फेरफटक्यात परशुरामच्या अवधानाचे केंद्र शहर नसून बोट धरून चालणारे आजोबाच असणार. दिग्दर्शकाला हे उमगले होते की ते अभिनयातून आपसूक घडले, हा प्रश्न खुला राहतो.

अखेरीस काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो. तेथे किनारा दिसतो तो फक्त प्रेक्षकाला. परशुरामला तो आठवावा लागतो.